उलटा हात

"गरम वस्तूला उलटा हात लावा, म्याडम. सुलटा हात कामाला, उलटा हात खऱ्याला."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा उजवा तळहात नळाखाली होता आणि डोळ्यांत पाणी आलेलं होतं. कोल्हापुरातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात लेक्चरर म्हणून माझा तिसरा की चौथा दिवस. हीट ट्रान्स्फर लॅबमध्ये एक नळी तापलीय का, हे बघायला मी ती सरळ पकडली होती. नळी तापलेली होती. लॅबच्या मामांनी मला नळाकडे ढकललं आणि जराही हळहळ न दाखवता वरचा उपदेश केला. मग स्वतःचा हात पालथा करून त्याच नळीला क्षणभर टेकवला आणि म्हणाले, "त्रेसष्ट." थर्मामीटर चौसष्ट दाखवत होता. मामांनी थर्मामीटरकडे संशयानं बघितलं.

कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणत, प्राचार्यसुद्धा. मस्टरवर त्यांचं चांगलं तीन शब्दांचं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागं वळून पाहिलं नसतं. हुद्दा लॅब मेकॅनिकचा. कागलजवळच्या गावातून रोज सकाळच्या एसटीनं येत. मनगटी घड्याळ पार कोपराजवळ चढवलेलं असे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मनगाट मोकळं पायजे की. ततंच कळतंय सगळं."

तळहाताला घट्टे पडतात, तो राबून राबून बहिरा होतो, हाताच्या पाठीला मात्र कुणी काम लावत नाही म्हणून ती शहाणी राहते, असा त्यांचा सिद्धांत होता. तुम्ही हसाल, मीही हसले होते. पण वर्षभरात मीसुद्धा हात पालथा करायला लागले.

विद्यार्थी त्यांना टरकून असत, आणि त्याला कारणही तसंच होतं. प्रॅक्टिकलला मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलातले आकडे उतरवतात, हे तुम्हालाही माहीत असेल. तुमच्यापैकी काहींनी उतरवलेही असतील. एकदा मामांनी काय करावं? चार मुलांचा गट रीडिंग घेत होता. दर पाच मिनिटांनी एक जण मीटरकडे बघितल्यासारखं करायचा, दुसरा लिहायचा. तापमान कसं सुरेख चढत चाललेलं. अर्ध्या तासानं मामा शेजारी जाऊन अदबीनं उभे राहिले.

"पावणं, किती झालं?"

"एकाहत्तर, मामा."

"व्हय? लई झ्याक. हीटरचं बटान मी अजून दाबल्यालं न्हाय."

त्या मुलांनी तो प्रयोग पुढं तीनदा केला. मी रागावण्याआधीच मामांनी त्यांना चहा पाजला होता. "पोरं हाईत. आकडा म्हंजे काय, त्यास्नी ठावं न्हाय अजून," एवढंच म्हणाले.

मामांना आकडा म्हणजे काय हे कसं ठाऊक झालं, तेही सांगते. त्यांचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभा राहून रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर अलीकडे झालं तर गूळ बसत नाही, क्षणभर पलीकडे गेलं तर करपतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायची आणि आख्ख्या गावाच्या उसाचं नशीब ठरवायचं. मामांचं बालपण त्या काहिलीच्या धगीत गेलं. रसात भेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. ते काम लहानग्या मामांकडे होतं.

म्हणूनच आमच्या लॅबमध्ये नॅनोफ्लुइड आलं तेव्हा सगळ्यात मोठा आक्षेप त्यांचा होता.

दोन हजार चार साल असेल. मी एम.ई. करत होते आणि माझे गाइड, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख सर, यांनी मला हा अगदी नवा विषय दिला होता. पाणी उष्णता वाहून नेतं, पण बेताचीच. त्यात धातूच्या ऑक्साइडची, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक अशी पूड मिसळली तर उष्णता कितीतरी वेगानं जाते, असं जगभरातून छापून येत होतं. मोटारीचे रेडिएटर लहान होतील, यंत्रं गार राहतील, असं बरंच काही. ती पांढरी पूड एवढ्याशा डबीत आली. मामांनी डबी उजेडात धरली.

"आंगारा हाय व्हय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पाण्यात गाळ घालायचा."

"गाळ नव्हे हो मामा, फार बारीक कण."

"आमच्या बानं जल्मभर रसातली मळी काढली," मामा म्हणाले, "आन् तुमी शिकून सवरून घालाया लागला."

पण आक्षेप घेऊन गप्प बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. ती पूड पाण्यात टिकेना. तासाभरात तळाला बसायची. कण एकमेकांना चिकटतात म्हणून बसते, त्यांना सुटं करायला ध्वनिलहरींचं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही, असं मी एकदा बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मामा मला गुजरीत घेऊन गेले, सराफांच्या गल्लीत. त्यांच्या ओळखीचा एक सोनार तसल्याच यंत्रात दागिने धुवायचा. त्यानं पैंजणांचे दोन जोड बाजूला सारले आणि त्यांच्या जागी माझी बाटली ठेवली. यंत्र गुणगुणायला लागलं. एक गिऱ्हाईक बाई बराच वेळ त्या पांढऱ्या बाटलीकडे बघत होत्या.

"कशाचं दूध हाय वो ह्ये?"

"शिक्षानाचं," मामा म्हणाले.

पुढचे कितीतरी महिने दर शनिवारी माझं संशोधन पैंजणांच्या शेजारी धुऊन निघालं. पूड दिवसभर तरंगायला लागली. मामा बाटली उजेडात धरून खूश व्हायचे. "बापानं मळी एकत्र केली, आपुन सुटी करतुय. धंदा त्योच."

आमचं मशीन साधं होतं. एका लांब नळीच्या आत दुसरी नळी. आतल्या तांब्याच्या नळीतून गरम पाणी किंवा माझं पांढरं पाणी जायचं, बाहेरच्या नळीतून बोअरचं गार पाणी. आतली उष्णता तांब्यातून पार होऊन बाहेरच्या पाण्यात शिरायची. ती किती शिरते ते मोजायचं. आधी नुसत्या पाण्याची रीडिंग, मग पूड मिसळलेल्या पाण्याची, आणि दोन्हींची तुलना. नुसत्या पाण्याची रीडिंग मी गणपती ते घटस्थापना या काळात घेऊन वहीत नीट लिहून ठेवली. मग नवरात्र आलं.

कोल्हापुरात खंडेनवमीला काय असतं, हे वेगळं सांगायला नको. ज्यावर हात चालतो त्या प्रत्येक वस्तूची पूजा. आमच्या कबनूरच्या घरी वडील माग धुऊन पुसून त्याला झेंडूच्या माळा घालायचे. एरवी दिवसभर खडखडणारा तो माग त्या दिवशी गप्प असायचा आणि आम्ही पोरं त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायचो. लॅबमध्ये ती पूजा मामांची. त्या वर्षीही मी गेले तेव्हा सगळी मशिनं हार घालून बसली होती. माझ्या मशीनला सगळ्यात मोठा हार. मी हळदकुंकू वाहिलं, प्रसादाचं खोबरं खाल्लं, मामांचं कौतुक केलं आणि घरी गेले.

दिवाळीनंतर पूड घातलेल्या पाण्याची रीडिंग घेतली आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. उष्णता जात होती ती सगळ्या सूत्रांच्या पुढे. सरांनी आकडे दोनदा बघितले आणि चष्मा काढून पुसला. सर चष्मा पुसत म्हणजे ते आनंदात आहेत असं समजायचं. एका मोठ्या परिषदेला निबंध पाठवला, तो स्वीकारल्याचं पत्र आलं, मी पेढे वाटले.

या सगळ्याचं मला काय होतं ते सांगायला हवं. माझी नोकरी तात्पुरती होती. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. येत्या जूनला एक कायमची जागा निघणार होती आणि तिला पूर्ण झालेली एम.ई. हवी होती. मागावर आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांनी गल्लीत सांगूनही टाकलं होतं की पोरगी जूनपासून पर्मनंट.

मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "घरी खातो," म्हणाले. मग चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी मी सामान आवरत असताना जवळ आले.

"म्याडम, हाताला पटंना झालंया."

"काय पटेना?"

"तुमचं पांढरं पाणी झालं की मी मशीन तेवढ्याच गरम, नुसत्या पाण्यानं धुतो का न्हाय? त्या येळंला भाईरनं निघणाऱ्या पाण्याच्या नळीला हात लावला. पांढऱ्या पाण्याला जेवढी गरम, तेवढीच धुताना बी गरम. पूड न्हाय, काय न्हाय. मग फरक कशाचा?"

मी वैतागले. नुसत्या पाण्याची रीडिंग वहीत आहेत, मामा, हातानं संशोधन होत नसतं, असं काहीतरी तोडून बोलले. आज आठवलं तरी लाज वाटते. ते हलले नाहीत.

"परत घ्या की. आकडा खरा आसंल तर परत बी त्योच यील."

शनिवारी दुपारी, त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून, मी नुसतं पाणी सोडलं. पूड नाही, काही नाही. आकडे आले ते जवळजवळ पांढऱ्या पाण्याएवढेच. मी तीनदा घेतले. तीनदा तेच.

मामा स्टुलावर बसले. मी त्यांना लॅबमध्ये बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "दिवाळीला गावाकडं गेलतो. गुऱ्हाळ लागायचं हुतं, म्हनून पोरं काहिलीचं बूड खरवडत हुती. खरवडल्याली काहील लवकर उकळती, जळान कमी लागतंय, ह्ये ल्हानपणापास्नं ठावं मला. आन् ततंच माझ्या ध्येनात आलं. खंडेनवमीला तुमची तांब्याची नळी मी भाईर काढलती. बोअरच्या पाण्याचा ह्यो जाड थर बसलावता तिच्यावर. पूजंला ठेवायची, आन् तसली कशी ठेवायची? चिच्चंनं घासली. आरशागत केली. आन् परत बसवली."

मला कळायला वेळ लागला नाही. बंबाच्या आत क्षारांचा थर बसला की पाणी उशिरा तापतं, हे कुणालाही माहीत असतं. माझी नुसत्या पाण्याची रीडिंग थर बसलेल्या नळीची होती आणि पांढऱ्या पाण्याची रीडिंग घासलेल्या नळीची. जगाला दाखवायला निघालेला माझा शोध बव्हंशी चिंचेचा होता.

"चूक माझी हाय," मामा म्हणाले. "सरास्नी मी सांगतो. तुमी मधी पडू नगा."

मी वही उचलून घरी गेले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती आणि त्याहून वाईट म्हणजे, मोह होत होता. हे आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. वहीतले आकडे खोटे नव्हते, मी एकही बनवलेला नव्हता. गप्प बसले असते तर जूनमध्ये कायमची झाले असते. मामा आपणहून सरांकडे गेले नव्हते. माझ्या तोंडून काय निघतं याची ते वाट बघत होते, हे मला नंतर समजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि मला ती चार मुलं आठवली. एकाहत्तर, मामा. मी आता त्यांच्यातलीच एक व्हायला निघाले होते, फक्त माझं हीटरचं बटण चालू होतं एवढाच फरक. आणि चूक तरी एकट्या मामांची कशी? पूजेला ठेवलेलं मशीन आधी धुतलं-घासलं जातं, हे हार बघूनच मला कळायला हवं होतं. हळदकुंकू वाहिलं, खोबरं खाल्लं आणि नळीबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

मी सरांना सांगत होते तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले. "नोटीस मला द्या, सर. म्याडमचा त्यात काय संबंद न्हाय."

सरांनी वही ओढून घेऊन दोन्ही रीडिंग बघितली. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही. मग मला म्हणाले, "निबंध मागे घे. पत्र आजच लिही." आणि मामांना म्हणाले, "नोटीस कसली देऊ? नळी स्वच्छ ठेवली म्हणून?"

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी मामांनी नियम घातला. पांढऱ्या पाण्याच्या आधी नुसतं पाणी आणि नंतरही नुसतं पाणी. दोन्ही आकडे जुळले तरच मधला आकडा वहीत जायचा, नाहीतर दिवस फुकट. कित्येक दिवस फुकट गेले. उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. मामा उसाच्या रसाचा थर्मास घेऊन यायचे आणि रीडिंग संपल्याशिवाय झाकण उघडायचे नाहीत. शेवटी जे उरलं ते थोडंसं होतं. पूड घातल्यानं उष्णता जास्त जाते हे खरं, पण थोडीशीच, आपल्या जुन्या सूत्रांतून निघते तेवढीच. मला रडू येत होतं. मामांनी वही घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं, वाचता येत होतं तेवढं वाचलं.

"थोडं हाय, पर आपलं हाय. आता पेढं आणा की."

त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दोन खाल्ले.

ती कायमची जागा त्या जूनमध्ये दुसऱ्याला गेली. वडील आठवडाभर गल्लीत बाहेर पडले नाहीत. माझी एम.ई. एक सत्र उशिरा झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. प्रबंध चाळत म्हणाले, "सगळे एवढे मोठे फायदे सांगतात, तुमचा एवढासाच कसा?" मग त्यांनी विचारलं, "पूड वापरल्यानंतर नुसत्या पाण्याची रीडिंग पुन्हा घेतली होती का?" मी म्हटलं, "दर वेळी. आधी आणि नंतर." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या लॅबच्या मामांनी." पुढं एकही प्रश्न आला नाही. त्यांनी सही केली आणि मामांना बोलावून घेऊन हात मिळवला. मामांनी घड्याळ आणखी वर सरकवलं. पुढच्या वर्षी जागा निघाली तेव्हा ती मला मिळाली.

एक राहिलंच. रीडिंग संपल्यावर एकदा मामांनी मला विचारलं होतं, "म्याडम, ह्या मशिनीत आसं कुठलं ठिकान हाय, जितं काय बी केलं तरी आकडा हलत न्हाय?" मला वाटलं, पट्टी आवळायला जागा शोधतायत. मी दाखवली. तांब्याच्या नळीचं एक टोक बाहेरच्या नळीतून चार बोटं पुढं येतं. गार पाणी तिथं पोचत नाही, मोजमाप त्याच्या आधीच संपतं. वरून नुसती ऊब धरून ठेवणारी काचलोकर गुंडाळलेली. मामांनी मान डोलावली. त्यानंतरच्या खंडेनवम्यांना त्यांनी माझ्या मशीनला कधी हार घातला नाही. शेजारच्या टेबलाला घालायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "ह्या मशिनीची पूजा बंद. हिला शिक्षान झालंया."

दोन हजार आठला ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात उभे राहिले आणि म्हणाले, "समद्यांनी उलटा हात वापरा," आणि बसले. गावाकडं गुऱ्हाळात रमले होते. हंगामात माझ्यासाठी गुळाची छोटी ढेप पाठवायचे. दुसऱ्या वर्षी ढेप आली नाही. त्यांचा पुतण्या आला. शेतावरून आले, पडवीत टेकले आणि गेले, असं त्यानं सांगितलं. कुणाला काही करावं लागलं नाही, म्हणाला. मला वाटलं, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. पण त्या दिवशी मला लॅबमध्ये थांबवेना.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत लॅबमध्ये नवी मशिनं आली आणि माझं जुनं मशीन मोडीत काढायचं ठरलं. नवा मेकॅनिक भली मोठी पकड घेऊन बसला. त्यानं टोकाची काचलोकर सोडवली आणि थांबला.

"मॅडम, हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. तांब्याच्या नळीच्या त्याच चार बोटांवर, दोन्ही पाण्यांच्या बाहेर, जिथं आकडा हलत नाही तिथं, हळदकुंकवाचे तीन ठिपके होते. एकापुढं एक, सरळ रेषेत. एक बराच फिका, दुसरा त्याहून ठळक, तिसरा अजून लाल. दोन हजार पाच, सहा, सात. तीन खंडेनवम्या.

एका कुंकवाच्या ठिपक्यानं उष्णता किती अडते याचा हिशेब मी त्या संध्याकाळी खरंच करून पाहिला. काही अडत नाही. मामांनी जागा बरोबर निवडली होती.

"घासून देऊ का?" त्यानं विचारलं. "तांबं चांगलं आहे."

"नको," मी म्हटलं. "तेवढा तुकडा मला कापून दे."

त्यानं तो करवतीनं कापून माझ्यापुढं धरला. घ्यायला मी हात पुढं केला, तो आपोआप पालथा झाला. कापलेलं टोक अजून गरम होतं.